पलंगातला पाहुणा

लग्नात मला मामानं पलंग दिला. मामा मेळघाटात जंगल खात्याचा नाकेदार होता, आणि बोलायला लागला की सगळा मेळघाट ह्याच्याच सातबाऱ्यावर चढलेला आहे असं ऐकणाऱ्याला वाटे. भाचीला साडी-भांडी काय कोणीही देतं, आपण असा पलंग देऊ की तिच्या नातवंडांनी त्यावर उड्या माराव्यात, असं त्यानं माझ्या आईला अमरावतीच्या आमच्या घरी आदल्या दिवाळीतच सांगून ठेवलं होतं. जंगलात उभ्या उभ्या वाळलेला एक जुना साग त्यानं रीतसर परवाना काढून घेतला आणि परतवाड्याच्या सुताराकडून पलंग करवून घेतला. पलंगाचे चारी खूर मांडीएवढे जाड. मांडवात नवरदेवापेक्षा पलंगालाच जास्त लोकांनी हात लावून पाहिला.

हे एकोणीसशे साठच्या आसपासचं. अकोल्याला सासरी घर तीन खोल्यांचं होतं. पुढची खोली, मधली खोली, मागं स्वयंपाकघर. पलंग दारातून आत जाईना तेव्हा तो सुटा करून नेला, आणि जोडल्यावर मधल्या खोलीत पलंगाशिवाय काहीच उरलं नाही. कपाटाचं दार उघडायचं तर पलंगावर चढून उघडावं लागे. घरात माणसं तीनच. माझे यजमान जिनिंगमध्ये कारकून होते, सकाळी डबा घेऊन जात ते दिवे लागायच्या सुमारास येत. दिवसभर मी आणि सासूबाई. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या उंच, काटक, आणि कमी बोलत. जे बोलत ते तोडून बोलत. पहिले काही महिने आमचं बोलणं मीठ, पीठ आणि नळाचं पाणी ह्यापलीकडं गेलं नाही. मला त्यांची भीती वाटे, आणि त्यांना बहुतेक मी फार नाजूक वाटे.

उन्हाळ्यात दुपारी त्या पुढच्या खोलीत ओल्या फरशीवर पडत. मी मधल्या खोलीत दार लोटून ब्लाउजला हातशिलाई घालत बसे. एके दिवशी आत्याबाई बाहेरून मोठ्यानं खोकल्या. थोड्या वेळानं पुन्हा खोकल्या. मग एक पितळी परात खाली पडली, ती पडली की पाडली हे मला कळेना. मी बाहेर आले तर त्या भिंतीकडं तोंड करून बसलेल्या.

"काही हवं होतं का, आत्याबाई?"

"मले काय पाह्यजे? मी अथी बसली हावो म्हनून सांगून राहिली फक्त."

मला काही उमगलं नाही. संध्याकाळी हे पुढच्या दारानं घरात आले, टोपी खुंटीला लावली, तेव्हा आत्याबाई त्यांच्याकडं टक लावून पाहत राहिल्या.

"तू दुपारी आल्ता काय रे घरी?"

"नाई. काहून?"

"काई नाई," त्या म्हणाल्या, आणि भाकरी थापायला उठल्या.

दोन-तीन दिवसांनी दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात तूर निवडत होतो. घरात सगळं शांत. तेवढ्यात मधल्या खोलीतून आवाज आला. कर्र, कर्र, कर्र. थोडं थांबून पुन्हा कर्र, कर्र. पलंगावर कोणी कूस बदलावी तसा. आत्याबाईंचा हात सुपावरच थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तू अथी हायेस."

"हो."

"तो कचेरीत हाय."

"हो."

"मंग पलंगावर कोन हाय?"

आत्ता कुठं मला त्या खोकल्याचा आणि परातीचा अर्थ कळला; तो आवाज मीही ऐकला होता, पण माझ्याच हालचालीनं पलंग कुरकुरतो असं मला वाटे. कानापर्यंत लाल झाले मी. आत्याबाईही जराशा वरमल्या असाव्यात, कारण त्यांनी झटकन केरसुणी उचलली आणि मला पाठीमागं घेऊन खोलीत शिरल्या. पलंगावर कोणी नव्हतं. खाली माझी ट्रंक आणि कांद्याचं पोतं. आम्ही पाऊल टाकलं की आवाज बंद होई, स्तब्ध उभं राहिलं की पुन्हा सुरू. शेवटी आत्याबाई फरशीवर बसल्या आणि डोक्याकडच्या डाव्या खुराला त्यांनी कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"यात कोनीतरी जेवून राहिलं," त्या म्हणाल्या. "ये, आयक."

मी कान लावला. आत खरंच कोणीतरी जेवत होतं. आणि घाईघाईनं नव्हे, चांगलं रवंथ केल्यासारखं.

त्या दिवशी हसू आलं, पण दुसऱ्या दिवशी त्याचं भांडण झालं. आत्याबाई म्हणाल्या, तुह्या मामानं किडकं लाकूड देल्लं. मी माहेरची बाजू न घेऊन कसं चालेल? मी म्हणाले, आमच्या मामानं लाकूड पाहूनच घेतलं होतं, कीड अकोल्याची असेल. यजमानांनी राकेलची बाटली आणि सायकलच्या तेलाची पिचकारी आणली, पण खुराला कुठं छिद्रच दिसेना, तेव्हा राकेल घालायचं कुठून? ते पलंगाभोवती गुडघ्यांवर रांगत राहिले. शेजारच्या बाईंनी येऊन सांगितलं की वाळलेल्या झाडात झाडाचा जीव अडकून राहतो. आत्याबाईंनी त्यांना तिथल्या तिथं सांगितलं, "जीव असता तर रडला असता. हा तर खाऊन राहिला."

मी मामाला कार्ड टाकलं. मामा आठ-पंधरा दिवसांत हजर. दारातूनच त्यानं सुरुवात केली, "माह्या सागाले कीड? मेळघाटच्या सागाले? बाई, पन्नास वर्सं त्या पलंगाले काई होनार नाई." आत्याबाईंनी त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि मधल्या खोलीकडं बोट केलं. मामानं पगडीसारखा बांधलेला रुमाल काढून खुराला कान लावला. आतला गडी नेमका रंगात आलेला होता. मामाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. पण तो हार मानणाऱ्यातला नव्हता.

"हा साधा किडा नाई," तो उठून म्हणाला. "अशा वाळल्या झाडात मोठा भुंगा अंडी घालते. हे त्याचं पिल्लू हाय. अळी. झाड तोडलं तवा हे आतच होतं, सुताराच्या करवतीतून वाचलं, रंध्यातून वाचलं. नशीबवान हाय."

"बाहेर कवा येईन?" आत्याबाईंनी विचारलं.

"त्याचं पोट भरलं का येईन. वर्स लागन, दोन लागतीन. पाहिजे तर भोक पाडून राकेल घालतो. आत्ता घालतो."

यजमान बाटली घेऊन पुढं झाले. मामानं भोक पाडायला सामता मागितला. तेव्हा आत्याबाई खुरासमोर जाऊन बसल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "जेवत्याच्या तोंडात राकेल ओतता काय? खूर मांडीएवढा हाय. ते बोटाएवढं. कितीक खाईन? खाऊ द्या."

यजमानांनी बाटली खाली ठेवली. अशी काही माया त्यांच्यात असेल हे मला तरी ठाऊक नव्हतं, आणि यजमानांच्या तोंडाकडं पाहून वाटलं, त्यांनाही ठाऊक नसावं.

त्यानंतर दुपारी आत्याबाई पुढच्या खोलीत पडेनाशा झाल्या. निवडण-टिपण घेऊन त्या मधल्या खोलीत पलंगाला टेकून बसू लागल्या, आणि मीही. आवाज सुरू झाला की म्हणत, "बसला पाह्य पंगतीले." आवाज उशिरा सुरू झाला की, "आज उपास दिसते." आणि मग त्या हळूहळू बोलू लागल्या. पोटातली गोष्ट सांगावी अशा नाही, अशाच सुट्या सुट्या. नांदगावच्या बाजूला त्यांचं माहेर, तिथं कपाशीच्या ढिगावर झोपायला मिळायचं ते. लग्नानंतर चार वर्षं त्यांच्या सासूनं त्यांना नावानं हाक मारली नाही, "अवं" म्हणत, ते. माझ्या सासऱ्यांना गोड फार आवडे, आणि गूळ चोरून खाताना ते पोरासारखे सापडत, ते. मी शिवता शिवता ऐके. खुरातला पाहुणाही ऐकत असेल.

पुढच्या वर्षी थंडीत आवाज थांबला. आत्याबाई बेचैन झाल्या. रोज कान लावून पाहत. "मेलं का काय?" म्हणत. मी समजूत घालायची, झोपलं असेल. माझा पहिला मुलगा त्या दिवसांत पोटात होता, आणि शेजारणी म्हणत की सासूला नातवापेक्षा पलंगाचीच काळजी जास्त. ते खरं नव्हतं. पण अगदीच खोटंही नव्हतं.

मुलगा झाला, मी माहेराहून परत आले, आणि वैशाखाच्या एका सकाळी आत्याबाईंनी मला हाक मारली. आवाज दबलेला. मी तान्ह्याला घेऊन गेले. खुराच्या आतल्या अंगाला, कोणी गिरमिटानं पाडावं तसं गोल भोक पडलं होतं, खाली भुशाची लहानशी रास, आणि खुरावर तो बसला होता. माझ्या मधल्या बोटाएवढा लांब. चिंचोका तेल लावून पुसावा तसा रंग. आणि मिशा, अंगापेक्षाही लांब, मागं वळलेल्या, गाठीगाठींच्या. आत्याबाईंनी त्याला चिमटीत धरलं तेव्हा तो चिर्र चिर्र असा ओरडला.

"बोलते," त्या म्हणाल्या. माझ्या मुलानं पहिला हुंकार दिला तेव्हाही त्या इतक्या खूष झाल्या नव्हत्या.

यजमानांच्या ओळखीचे शेतकी कॉलेजात किड्यांचे प्राध्यापक होते. ते त्याच संध्याकाळी सायकलवरून आले. भला माणूस, जाड चष्मा, बोलणं मऊ. भुंगा पाहून ते उभ्याचे खाली बसले. बराच वेळ भिंगातून पाहून म्हणाले, "पूर्वी परतवाड्याच्या वखारींत हे दिसायचे. मी कित्येक वर्षं शोधतोय, मला एक मिळालेला नाही. ह्याला जुनं, जाड आणि उभ्यानं वाळलेलं झाड लागतं. आणि वाळलेलं झाड आपण उभं ठेवतो कुठं? जळणाला नेतो, कोळशाला नेतो. मग ह्यानं अंडी घालायची कुठं?"

मग त्यांनी पिशवीतून रुंद तोंडाची एक बाटली काढली, आणि एक चपटी पेटी. पेटीत लांब टाचण्या होत्या.

"ह्या कायले?" आत्याबाईंनी विचारलं.

"आई, हा आमच्या संग्रहात ठेवू. कायमचा राहील. पोरांना शिकायला मिळेल."

"टाचणी टोचून?"

"बेशुद्ध करून. त्याला कळायचं नाही."

आत्याबाईंनी भुंगा शांतपणे उचलला, ओंजळीत घेतला. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "दोन वर्सं आमच्या घरी जेवला हा. सुनेचं बाळंतपन झालं तवा घरात होता. त्याले मी तुमच्या टाचणीले देऊ काय?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. मला वाटलं, आता वाद होणार. पण ते हसले आणि पेटी पिशवीत ठेवली. "बरोबर आहे तुमचं. पण मग इथं ठेवू नका. अकोल्यात ह्याला ना झाड, ना सोबत. हा थोडेच दिवस जगेल. जिथला आहे तिथं नेऊन सोडा. गुळाच्या पाण्याचा बोळा ठेवा तोवर." त्यांनी त्याचं एक चित्र मात्र कागदावर काढून घेतलं, आमच्या पुढच्या खोलीत कंदिलाजवळ बसून, आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

अशा रीतीनं आमचं मेळघाटला जायचं ठरलं. यजमानांना रजा नव्हती. मी, कडेवर तान्हा आणि आत्याबाई. आमचं लग्न सोडलं तर आत्याबाई सासरे गेल्यापासून अकोल्याबाहेर पडल्या नव्हत्या, पण त्यांनी एका दिवसात तयारी केली. भुंगा कशात न्यायचा हा प्रश्न होता. डब्यात हवा नाही, टोपलीतून तो निसटेल. त्यांनी स्वतःचं पितळी पानदान रिकामं केलं. त्याच्या झाकणाला जाळी होती. ज्या बाईला तासातासाला पान लागे, तिनं पान, कात, चुना सगळं घरी ठेवलं आणि पानदानात सागाची साल घालून भुंगा बसवला.

मूर्तिजापूरला आम्ही मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसलो. ती अचलपूरला जाणारी गाडी इतकी सावकाश चाले की लोक उतरून शेतातून कैऱ्या तोडून पुन्हा चढत. डब्यात समोर एक जाडजूड बाई बसल्या होत्या. त्यांची नजर पहिल्यापासून पानदानावर.

"दूर जाऊन राहिल्या काय?" त्यांनी ओळख काढली.

"अकोल्याहून निघालो, परतवाड्याकडं," आत्याबाई म्हणाल्या.

"पान लावत नाई का मंग? एक मलेही लावा. माही तंबाखू देतो."

"यात पान नाई, बाई."

"पानदानात पान नाई त काय हाय?"

"पाहुना हाय."

त्या बाईंना ही थट्टा वाटली. आता अकोल्याच्या बाया एका पानासाठी अशा कंजुषी करतात का, असं म्हणत त्यांनी हक्कानं हात पुढं केला आणि झाकण उचललं. भुंग्यानं आपल्या दोन्ही मिशा बाहेर काढल्या आणि चिर्र केलं. त्या बाई बाकावरून उठल्या त्या थेट डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. तिथून त्या सगळ्यांना आमच्याकडं बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या, आणि पुढच्या स्टेशनापर्यंत आमच्या बाकावर आम्हाला ऐसपैस जागा मिळाली. आत्याबाईंनी तान्ह्याला आडवं निजवलं. "कामाचा हाय," त्या पानदानाकडं पाहून म्हणाल्या.

अचलपूरला उतरून शेजारच्याच परतवाड्याहून मोटारीनं घाट चढलो. नाक्यावर मामा वाट पाहत उभा होता. चहा घेताना त्यानं सांगितलं, "झाडाची काई काळजी नको. वाळले साग माह्या बीटात, माह्या हद्दीत, म्हनसान तितके. एक म्हना, धा दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आम्हाला घेऊन निघाला. पहिल्या जागी झाड नव्हतं, बुंधा होता. मामा म्हणाला, हे अलीकडंच गेलं असन. दुसऱ्या जागी कोळशाची भट्टी लागलेली होती, आणि तिच्याभोवती ओंडके. तिसऱ्या जागी बुंधाही नव्हता. मामा रुमालानं मान पुसू लागला.

"तुमच्या बीटात काय हाय मंग?" आत्याबाईंनी विचारलं.

"हिरवी झाडं हायेत ना," मामा पडेल आवाजात म्हणाला. "वाळली ठेवायची नाई असा हुकूमच असते. साफसफाई. वणवा लागते, कीड लागते."

"कीडच त घेऊन आली मी," आत्याबाई म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या.

उन्हं चढली. मी तान्ह्याला पदराखाली घेतलं होतं, पाय दुखत होते, आणि मनात म्हणत होते की कुठल्याही झाडावर सोडा आणि चला. पण बोलायची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर आता मलाही ते झाड सापडायला हवं होतं. शेवटी एका नाल्याच्या वळणावर मामा थांबला. पलीकडच्या उतारावर एक भलामोठा साग उभा होता. पान नाही, साल अर्धी गळालेली, वरचा शेंडा मोडलेला. जवळ गेलो तर बुंध्यावर ओळखीची गोल भोकं. बोटानं चाचपली. आमच्या खुरावरचं भोक होतं तेवढीच.

आत्याबाईंनी पानदान उघडलं, भुंगा चिमटीत धरून बुंध्यावर ठेवला. तो हललाच नाही. मिशा इकडं तिकडं फिरवत बसला. आत्याबाईही त्याच्यासमोर दगडावर बसल्या. "जा," त्या म्हणाल्या. "लाजतं कायले? तुह्यंच घर हाय." तो वर चढू लागला. पुरुषभर उंचीवर गेला, थांबला, पाठ उघडली, आतले पातळ पंख काढले आणि जड आवाज करत उडाला. झाडाला वळसाही न घालता, नाला ओलांडून, आम्ही आलो होतो त्याच बाजूला निघून गेला.

मग मामालाच हसू फुटलं, आणि त्याच्या मागून मला. आत्याबाई कपाळावर हात ठेवून तो गेला त्या दिशेला पाहत होत्या.

"सकाळपासून पायाचे तुकडे केले," त्या म्हणाल्या, "आन हा निघाला तिकडं." आणि मग त्याही हसल्या. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते हे मला तोवर माहीत नव्हतं.

पण झाडाचं त्यांनी सोडलं नाही. मामाला म्हणाल्या, हे तोडू देऊ नका. मामा म्हणाला, ते माह्या हातात नाई, साहेबाच्या हातात हाय. आम्ही दोन दिवस नाक्यावर राहिलो, त्यात साहेबांची जीप आली. मामा सलाम करायला धावला, आणि त्याच्या पाठोपाठ आत्याबाई. साहेब तरुण होते, टोपी काढून बोलले. आत्याबाईंनी पलंगापासून छोट्या गाडीतल्या बाईपर्यंत सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. साहेब ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "आई, ते लाकूड पोकळ आहे, ठेकेदार तसंही घेणार नाही. राहू द्या." मामाकडं वळून म्हणाले, "त्याला हातोडा मारू नका." तोडायच्या झाडावर खात्याच्या हातोड्याची खूण उठवतात, ती त्या सागावर उठली नाही.

पुढं काही वर्षांनी, मुलं शाळेत जाऊ लागल्यावर, मी आणि यजमान त्यांना घेऊन चिखलदऱ्याला गेलो होतो. मामा तोवर निवृत्त होऊन अमरावतीला राहायला आला होता. मी मुद्दाम वाट वाकडी करून त्या नाल्यापाशी गेले. साग आपणहून कोसळला होता, नाल्यात आडवा पडला होता. मुलांनी सालीचा एक पापुद्रा उचकटला तर आत दोन पांढऱ्या, जाड अळ्या. यजमान राकेल म्हणाले नाहीत. त्यांनीच साल परत नीट दाबून बसवली.

घरी आल्यावर आत्याबाईंना सांगितलं. त्या ज्वारी पाखडत होत्या. ऐकता ऐकता त्यांचं सूप थांबलं.

"पडलेलं लाकूड उचलायले लोक लवकर येतात," त्या म्हणाल्या. "तथच्या नव्या नाकेदाराले कार्ड टाक."

"तो आपल्याला ओळखतही नाही, आत्याबाई. लिहू काय त्याला?"

"लिही, का ते आमच्या ओळखीचं झाड हाय. चुलीत घालू नका."

मी तसं लिहिलं, आणि खाली आमचा अकोल्याचा पत्ता घातला. उत्तर काही आलं नाही.